बर्फाचा हिशेब

त्या वर्षी क्रिवोदोलला बर्फ पडलाच नाही.
फेब्रुवारी सरत आला तरी डोंगर उघडेबोडके,
नदीकाठच्या आलुबुखाराला वेड्यासारखे कळे,
आणि आम्हाला तर हवा होता त्रेचाळीसचा हिवाळा,
गुडघाभर,
सहाशे माणसं आणि दोन रणगाडे अडतील एवढा.

मग तुझलाहून चारशे पोती मीठ आलं.
जाडं, खाणीतलं, थोडं करडं.
सामानखात्यात मी सगळ्यांत धाकटा,
तेवीस वर्षांचा, युद्ध संपल्यावर जन्मलेला.
माझ्या हातात वही देऊन म्हणाले,
आजपासून तू बर्फाचा कारकून.

फावड्यांनी आम्ही हिवाळा पसरला.
दुपारी शेळ्या आल्या आणि हिवाळा चाटू लागल्या.

गर्दीसाठी माणसं गावातलीच.
पार्टिझनला दिवसाचे चाळीस दिनार,
जर्मनाला पंचावन्न,
कारण जर्मन व्हायला कुणी तयार नव्हतं.
ओब्राद पुढे आला. म्हणाला, कोट उबदार आहे.
जेवणाच्या सुट्टीआधी तो अकरा वेळा मेला.
भोंग्यातून दिग्दर्शक ओरडले,
असं नाही, हात फेकून मर!
ओब्राद उठला, अंगावरचं मीठ झटकलं,
आणि बाराव्या वेळी
हळूच खाली बसला,
गवतात पडलेलं बटण शोधायला बसावं तसा.
"असंच बसतात," एवढंच म्हणाला.
तो तुकडा पुढे कापला गेला.

तिसऱ्या सकाळी माझ्या बर्फाला भोकं.
कुंपणापासून पुलापर्यंत काळी माती.
रात्री मी पहाऱ्याला बसलो,
बंदूक लाकडी, टॉर्च तेवढा खरा.
दोनच्या सुमाराला त्या आल्या,
सात-आठ बायका, एप्रनची झोळी करून,
वाकून ओंजळीनं भरत होत्या, बोलत नव्हत्या,
झोपलेल्या पोराखालून ओली दुपटी काढावी
इतक्या हलक्या हातानं.

उजेडात विदोसावा उभी राहिली. ओब्रादची बहीण.
घाबरली नाही.
म्हणाली, दुकानात मिळतं, माहीत आहे मला.
घरात दोन बरण्या गळ्यापर्यंत भरल्यात.
पण हे असं उघड्यावर, पायदळी…
झोप लागत नाही रे.

त्रेचाळीसला सगळं अळणी होतं.
घोड्याचं मांस अळणी, पाल्याचं कालवण अळणी,
घामसुद्धा अळणी लागायचा.
ओब्राद चौदा वर्षांचा.
आईची कर्णफुलं घेऊन नदीपलीकडे गेला,
त्यांच्या बदल्यात पसाभर मीठ आणलं,
मोज्यात भरलं, मोजा दातांत धरला.
पुलावर पहारा होता, म्हणून पाण्यात उतरला.
मध्यावर पाणी डोक्यावरून गेलं.
घरी पोचला तेव्हा मोजा रिकामा,
नुसता ओला.
आई काही बोलली नाही.
तिनं तो तसाच उकळत्या पातेल्यात सोडला.
कोठारात नऊ जखमी होते. सगळे प्यायले.
"चव होती," विदोसावा म्हणाली.
"लोकरीची होती. पण होती."

मी टॉर्च विझवला.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
आता कुणाच्या, ते वहीत कुठं लिहितात?
मी लिहिलं: अकरा पोती वाऱ्यानं उडाली.
त्या आठवड्यात वारा नव्हता.
जळत्या गंजींचा धूर सरळ वर जात होता,
तिन्ही कॅमेऱ्यांनी तो तसाच टिपलाय,
कुणीही पडताळून पाहावं.

सिनेमा गाजला. सव्वातीन तासांचा,
शेवटी सगळं थिएटर उभं राहायचं.
मी तिसऱ्या रांगेत, मान मोडेपर्यंत वर बघत.
पुलाच्या लढाईत
पांढऱ्याशुभ्र माळावर काळे डाग दिसतात.
शेजारचा गृहस्थ बायकोला सांगत होता,
"तोफगोळ्यांचे खड्डे. काय बारकाईनं केलंय बघ."

मी मोजत होतो.